तेल हलकं, म्हणून विरघळत नाही?

'तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते विरघळत नाही' हे वाक्य वर्गात सर्रास ऐकू येतं. माझ्या मते ते थांबायलाच हवं. हलकेपणामुळे तेल तरंगतं, एवढंच. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल तर तेलाहूनही हलकं, तरी पाण्यात पूर्ण मिसळतं!

खरं कारण रेणूत आहे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनकडे किंचित ऋण, हायड्रोजनकडे किंचित धन प्रभार असतो. म्हणून तो ध्रुवीय. हे रेणू एकमेकांना धरून राहतात. साखरेच्या रेणूतही असे भाग असतात, म्हणून ती त्यांच्यात सामावते. तेलाचा रेणू जवळपास अध्रुवीय.

चौथीच्या मुलांना हे शब्द नकोतच. पालकांनो, एका वाटीत तेल, दुसरीत पाणी घ्या, दोन्हींत चिमूटभर हळद ढवळून ठेवा. हळद खाली बसल्यावर कोणाचा रंग गडद राहिला, ते मुलांनाच सांगू द्या.