घरातील मारहाण आणि मालकाची जबाबदारी

नवऱ्याच्या मारहाणीमुळे सकाळी कामावर येऊ न शकलेल्या कामगार स्त्रीच्या नावापुढे हजेरीपटावर ‘गैरहजर’ एवढीच नोंद होते. पगार कापला जातो, खाडे वाढले की ताकीद मिळते. आणि ती कंत्राटी असेल तर तिच्या जागी दुसरी उभी केली जाते. ‘ही घरगुती बाब आहे’ असे म्हणून मालक हात झटकतो.

ही बाब घरगुती कशी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली आहे. अशा स्त्रीच्या हातची मजुरी हाच तिचा सुटकेचा मार्ग. तिला कामावरून काढणारा मालक तिला पुन्हा मारणाऱ्याच्याच दारी पाठवितो.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा पीडितेच्या कामाच्या ठिकाणी अत्याचाऱ्यास प्रवेशबंदी करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास देतो. बुडालेल्या कमाईची भरपाईही त्यात आहे. परंतु कोर्टाच्या तारखेसाठी पगारी रजा देण्याचे बंधन तो मालकावर घालीत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०१९ मध्ये संमत केलेल्या १९० क्रमांकाच्या कराराने कौटुंबिक हिंसेचे कामाच्या जगावरील परिणाम मान्य केले. भारत सरकारने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. फिलिपाइन्सने मात्र २००४ मध्येच पीडित स्त्रियांना १० दिवसांची पगारी रजा दिली. न्यूझीलंडमध्ये २०१९ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२३ पासून ती लागू आहे.

म्हणून कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात पुढील मागण्या घातल्याच पाहिजेत: १० दिवसांची पगारी रजा, हिंसेमुळे झालेल्या खाड्यांबद्दल बडतर्फी वा शिक्षा नाही, तिने मागितल्यास पाळी वा जागेत बदल आणि पगाराची उचल, फाटकावर संरक्षण, आणि संपूर्ण गुप्तता. प्रत्येक पाऊल तिच्या संमतीनेच उचलले जावे. अन्यथा सहानुभूतीच्या नावाखाली मालकाच्या हाती नवे हत्यार पडेल. घरकामगार, विडी कामगार, शेतमजूर स्त्रियांना कायमचा मालकच नसतो. त्यांच्या रजेचा भार सरकारने उचलला पाहिजे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. मारणारा पुष्कळदा संघटनेचाच सभासद असतो. युनियनने त्याला पाठीशी घातले, तर मालकाकडे न्याय मागण्याचा नैतिक अधिकार तिला उरणार नाही. फाटकावरील लढा आणि घरातील लढा हे दोन लढे नाहीत.