पाण्याचे बिल का फुगते?

नळाला पाणी येवो न येवो, बिल मात्र न चुकता येते आणि मागच्या वेळेपेक्षा जास्तच येते, ही तक्रार आता एका शहराची राहिलेली नाही. मुंबई, दिल्ली, बंगळूर, नागपूर असे कोठेही नोकरीनिमित्त राहणारे आपले रेल्वे व टपाल कामगार बांधव हेच सांगतात. क्वार्टरमध्ये राहणाऱ्याचा पाण्याचा आकार पगारातून परस्पर कापला जातो, त्यामुळे त्याला वाढ लवकर कळत नाही. निवृत्तीनंतर तो स्वतःच्या घरात जातो, पहिले बिल हातात पडते, आणि मग तो विचारतो की हे एवढे कसे? या प्रश्नाचे उत्तर "महागाई" या एका शब्दात देऊन गप्प बसवण्याची रीत आहे. आम्हाला ती मान्य नाही.

प्रथम विजेचे पाहू. मुंबईला तानसा, वैतरणा या तलावांचे बहुतांश पाणी उताराने मिळते. बंगळूरला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून आणावे लागते आणि वाटेत ते तीन ठिकाणी पंप करून एकूण सुमारे ५०० मीटर वर चढवावे लागते. हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवर न्यायला निव्वळ शास्त्राच्या हिशेबाने १.३६ युनिट वीज लागते. पंपाची व मोटारीची तूट धरली तर ती दोन युनिटच्या आसपास जाते. तेथे २०१४ च्या दरपत्रकात घरगुती वापराच्या पहिल्या ८ हजार लिटरचा दर हजार लिटरला ७ रुपये होता. म्हणजे नुसती वीजच या दरापेक्षा महाग पडत होती. तो दर अकरा वर्षे तसाच ठेवला आणि एप्रिल २०२५ मध्ये वाढवला. अकरा वर्षे झोपायचे आणि मग एकदम दचकून उठायचे, याला नियोजन म्हणत नाहीत. मुंबईने २०१२ मध्ये वेगळा मार्ग धरला. आस्थापना खर्च, वीज, देखभाल आणि राज्य सरकारच्या धरणांतील पाण्याची किंमत यांचा हिशेब करून दरवर्षी कमाल ८ टक्क्यांपर्यंत वाढ करता येईल, असे धोरण महापालिकेने ठरवले. हा धक्का लहान असतो, पण एकदा धोरण ठरले की वाढीवर सभागृहात खडाजंगी होण्याचे कारण उरत नाही, हेही विसरू नये.

आता दिल्लीचे उदाहरण जरा सविस्तर घेऊ, कारण "गरिबांसाठी" म्हणून केलेली आकारणी कामगार कुटुंबावर कशी उलटते ते तेथे उघड दिसते. दिल्लीत २०१५ पासून महिना २० हजार लिटरपर्यंत मीटरवर पाणी वापरणाऱ्या घराला बिल शून्य आहे. योजना चांगलीच आहे. परंतु २० हजारांच्या वर गेले की केवळ वरच्या लिटरचे पैसे पडत नाहीत, पहिल्या लिटरपासूनचे पडतात. २०१८ च्या दरपत्रकाने हिशेब करा. पहिल्या २० हजार लिटरना हजारी ५ रुपये २७ पैसे, पुढच्या १० हजारांना हजारी २६ रुपये ३६ पैसे, त्यापुढे ४३ रुपये ९३ पैसे, शिवाय टप्प्याप्रमाणे वाढणारा सेवा आकार, आणि पाण्याच्या रकमेवर ६० टक्के मलनिस्सारण आकार. २० हजार लिटरला शून्य, तर २१ हजार लिटरला सुमारे ४३० रुपये!

सरकारी मापदंड माणशी दररोज १३५ लिटरचा आहे. पाच माणसांचे महिन्याचे पाणी त्या हिशेबाने २०,२५० लिटर होते. म्हणजे सरकारच्याच मापाने पाणी वापरणारे पाच माणसांचे घर काठावर उभे, आणि सहावे माणूस आले की हद्दीबाहेर. दोन भाऊ एकाच घरात वरखाली राहतात, दोघांचा वापर २०-२० हजार लिटर. मीटर वेगळे असतील तर दोघांनाही बिल नाही. मीटर एक आणि नोंदही एकाच घराची असेल तर ४० हजार लिटरचे बिल सुमारे १,५८६ रुपये. पाणी तेवढेच, माणसे तेवढीच. बंगल्यात दोनच माणसे राहून बागेला पाणी घालणाऱ्याला मात्र शून्याचा लाभ मिळू शकतो. टप्पे घरावर नव्हे, माणसांवर मोजले पाहिजेत, किमान एका मीटरवरच्या कुटुंबांची संख्या तरी बिलात धरली पाहिजे.

सांडपाण्याचा आकार पाण्याच्या रकमेवर टक्केवारीने लावण्यातही हीच मेख आहे. पाण्याचा दर वाढला की मलनिस्सारणाचा आपोआप वाढतो, त्यासाठी वेगळा ठराव लागत नाही. या पैशाचे होते काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण २०,२३६ दशलक्ष लिटरचे होते. बाकीचे नदीनाल्यांत आणि समुद्रात जाते. आणि त्या गटारात आजही माणूस उतरवला जातो. २०१३ च्या कायद्याने ते बंद केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. भरपाई वाढवावी लागली, यातच सर्व आले. आपण भरतो त्या मलनिस्सारण आकारातून त्या कामगाराला यंत्र आणि कायम नोकरी मिळत नसेल, तर बिल भरणाऱ्या कामगाराने तरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दर वाढवण्याची सूचना नेहमी खालून येते असे नाही. २००५ च्या शहरी नूतनीकरण योजनेत केंद्राचा निधी हवा असेल तर सात वर्षांत चालवण्याचा व देखभालीचा पूर्ण खर्च ग्राहकाकडून वसूल करा, अशी अट होती. त्याच वर्षी दिल्लीत जागतिक बँकेच्या कर्जातून पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांकडे सोपवण्याचा घाट नागरिकांच्या विरोधाने मागे घ्यावा लागला. नागपूरला मात्र २०१२ पासून कारभार खाजगी चालकाकडे आहे. पूर्ण वसुलीला आमचा सरसकट विरोध नाही. पण केंद्राचाच मापदंड गळती २० टक्क्यांच्या आत ठेवा असे सांगतो, आणि दिल्लीत बिलात न येणारे पाणी निम्म्याच्या आसपास आहे. फुटक्या वाहिनीतून आणि चोरीतून गेलेल्या पाण्याची शुद्धीकरणाची व पंपाची वीज प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्याच्या डोक्यावर बसते. वसुली शंभर टक्के हवी, तर गळतीचा मापदंडही तितक्याच कडकपणे लावा.

घरच्या घरी करण्यासारखेही थोडे आहे. बिलावर "सरासरी" असा शेरा असेल तर मीटर वाचलेलेच नाही, लेखी तक्रार द्या. रात्री सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा टिपा आणि सकाळी पाहा. काटा हलला असेल तर गळती तुमच्या हद्दीत आहे. महाराष्ट्रातील सोसायट्यांत आदर्श उपविधीप्रमाणे पाण्याचा खर्च प्रत्येक गाळ्यातील नळजोडांच्या संख्येवर व आकारावर वाटायचा असतो, क्षेत्रफळावर नाही. ते सोसायटीच्या सभेत तपासून घ्या. आणि आमच्या शाखांनी आपापल्या महापालिकेकडून किंवा जलमंडळाकडून माहितीच्या अधिकारात तीन आकडे मागवावेत: हजार लिटरमागे खरा खर्च किती, त्यात विजेचा वाटा किती, आणि बिलात न येणारे पाणी किती. उत्तर आले की दरपत्रकासह कार्यालयाच्या फलकावर लावावे, म्हणजे पुढच्या दरवाढीच्या सुनावणीला आपली माणसे आकडे घेऊन जातील.