नाक्यावरची झडती

सह्याद्रीच्या पूर्वेस, कृष्णाकाठच्या सातारा-सांगलीच्या मुलखात, जेथील कित्येक मुलांना समुद्राचे पहिले दर्शन शाळेच्या सहलीतच घडते, तेथे एखाद्या हौशी गृहस्थाने दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडून सागराचा एक अल्पसा अंश जिवंत राखावा, ही गोष्ट मला मनापासून स्पृहणीय वाटते. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले तेव्हा ज्या आनंदासाठी मुंबई गाठावी लागे, तो आता घरबसल्या मिळू लागला आहे. परंतु खडकाच्या भेगांत दडून, मालकाच्या परवानगीवाचून, जे उपरे जीव या टाकीत शिरतात, त्यांच्या बंदोबस्ताची आपली रीत मात्र उफराटी आहे. ते सर्वत्र माजल्यावर आपण औषधाची बाटली शोधू लागतो.

स्पंजाचेच पाहा. खडकाच्या सावलीतल्या अंगास आरंभी मोहरीएवढा पिवळसर ठिपका दिसतो, तो पसरत पसरत त्याचा थर होतो, आणि तो थर प्रवाळाच्या बुडाशी सरकला की मालकाचा धीर सुटतो. वस्तुतः बहुतेक स्पंज निरुपद्रवी असतात. पाणी गाळून त्यातील जीवाणू व सेंद्रिय कण यांवर ते जगतात, म्हणून त्यांची बेसुमार वाढ ही बहुधा आपणच हात सैल सोडून घातलेल्या खाद्याची साक्ष असते. संतापाच्या भरात त्यांना टाकीतच ब्रशाने घासणे हे तर शुद्ध अविचाराचे कृत्य होय. एच. व्ही. विल्सन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९०७ साली जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून काढला, तेव्हा सुट्या झालेल्या पेशी पुन्हा एकत्र येऊन त्यांतून नवे स्पंज घडले! ॲइप्टेशिया नावाच्या समुद्रफुलाचीही तीच तऱ्हा. उपटताना त्याच्या तळव्याचा कण जरी मागे राहिला, तरी त्यातून नवे फूल उगवते. ताम्रयुक्त औषधाने प्रवाळ आणि कोळंबी यांचाच आधी बळी जातो. तेव्हा खाद्य आवरावे, बाधित खडक बाहेर काढून निराळ्या पात्रात खरवडावा, खाऱ्या पाण्याने धुवावा आणि मगच परत ठेवावा. यापलीकडे फारसे काही करण्याची गरज पडत नाही.

पण खरा इलाज याच्याही आधीचा आहे. संस्थानी अमदानीत हद्दीवरच्या जकात नाक्यावर मालाची झडती झाल्याखेरीज गाडी पुढे जात नसे. तसा नाका प्रत्येक टाकीला हवा. नवा खडक वा प्रवाळ निदान महिनाभर वेगळ्या पात्रात ठेवावा आणि रात्री दिवे मालवून विजेरीच्या उजेडात न्याहाळावा, कारण दिवसा दडी मारणारे कृमी आणि खेकडे अंधारातच बाहेर पडतात. शिवाय २००१ साली प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झालेला असल्यामुळे, आपल्या समुद्रातून फोडून आणलेला ‘जिवंत खडक’ विकत घेणे हा गुन्ह्यास हातभार आहे. कृत्रिम कोरडा खडक वापरल्याने कायदाही पाळला जातो आणि उपऱ्यांची वाटही बंद होते.

या नाक्याला दुसरीही बाजू आहे, आणि मला अधिक चिंता तिचीच वाटते. खाऱ्या पाण्यातला मासा कृष्णेत तगणार नाही. पण गोड्या पाण्याच्या टाकीतला तगतो. काच साफ करतो म्हणून हौसेने आणलेला सकरमाऊथ मासा हातभर वाढला की नदीत सोडला जातो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा जीव आज उजनीच्या मच्छीमारांची जाळी फाडतो आहे, आणि उजनी ज्या भीमेवर आहे ती पुढे कृष्णेलाच मिळते. सांगलीत तर कोणी सोडण्याचीही गरज नाही: आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा घराघरांतल्या टाक्या आणि नदी यांच्यात भिंतच उरली नव्हती. नकोसे झालेले मासे परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यांवर टाकावी, आणि सखल भागातल्या टाक्यांतील मासे पुराआधी उंचावरच्या जागी हलविण्याची सूचना महापालिकेने आपल्या मान्सूनपूर्व जाहीर निवेदनात दरसाल घालावी. येत्या मे महिन्यापासून या दोन्ही गोष्टी सुरू करण्यास कोणतीही अडचण मला दिसत नाही.