नव्वद किलोमीटर आणि बारा तास

सुरत आणि भावनगर या दोन विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर जेमतेम नव्वद किलोमीटर. छोट्या विमानाला अर्धा तास पुरे. रस्त्याने मात्र खंभातच्या आखाताला वळसा घालत सुमारे 370 किलोमीटर तुडवायचे, म्हणजे दहा-बारा तास गेले.

विमानाच्या वेळापत्रकातली वेळ ही विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा थांबेपर्यंतची. घरून निघणे, सुरक्षा तपासणी, सामानाची वाट पाहणे त्यात कुठेच नसते. अंतर जितके कमी, तितका हा न मोजलेला वेळ महाग पडतो. विमानतळांच्या घोषणा करणाऱ्यांनी निदान हा हिशेब तरी लोकांपुढे मांडावा!

सुरतेजवळच्या हजीऱ्याने वेगळा मार्ग दाखवला. 8 नोव्हेंबर 2020 रोजी हजीरा ते भावनगरजवळचे घोघा अशी रो-रो फेरी, म्हणजे वाहनांसह माणसे नेणारी बोट, सुरू झाली. समुद्रातून साधारण चार तास लागतात. विमानाच्या कितीतरी पट. पण बोटीत मालट्रक चढतो, मोटार चढते, दुचाकीही चढते. सुरतेच्या हिऱ्यांच्या कारखान्यांत राबणारे कितीतरी रत्नकलाकार मूळचे भावनगर-अमरेलीकडचे. दिवाळीला बायकामुलांसह, बोचकी-पेट्या घेऊन गावी निघालेल्या कुटुंबाला छोट्या विमानातल्या मोजक्या आसनांचा काय उपयोग?

मुंबईकरांना हे नवे नाही. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो 2020च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि अलिबागला गाडी घेऊन जाणाऱ्यांची पनवेल-पेणची रखडपट्टी टळली. कोकणातल्या बाकीच्या खाड्यांना आणि बंदरांना मात्र अशी सोय अजून तुकड्यातुकड्यानेच मिळते आहे. तिथल्या जेट्टींवर आधी पैसा लागायला हवा.