पिवळा दिवा की तांबडा?

बासरला नातवंडाचा अक्षराभ्यास, तिथून निर्मलमार्गे कुंटाळा आणि पोचेरा धबधबा, मग बोथला पाहुण्यांकडे मुक्काम. पावसाळ्यात आपल्याकडच्या कितीतरी घरांची ही ठरलेली सहल. अशाच सहलीहून परतलेल्या एका वाचकांनी पत्र पाठवले आहे. बोथ फाट्याच्या अलीकडे चिखलातून गाडी काढली आणि मीटरवर एकदम दोन पिवळे दिवे लागले. एकावर एबीएस अशी अक्षरे, दुसऱ्यावर घसरणाऱ्या गाडीचे चित्र. ब्रेक तर नेहमीसारखा लागत होता. परतताना निर्मलकडे घाट उतरायचा होता. सासरे म्हणाले 'ब्याड', मेहुणे म्हणाले 'चला'. शेवटी उतरले, सुखरूप घरी आले. आता विचारतात, आम्ही बरोबर केले का?

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर दिव्याच्या रंगात आहे. पिवळा दिवा सांगतो की मदतनीस सुटीवर गेला. तांबडा सांगतो की खुद्द मालकाचीच तब्येत बिघडली. पिवळा असताना साधा ब्रेक शाबूत असतो, त्यामुळे सावकाश घाट उतरता येतो. (हा 'सावकाश' शब्द आपल्या दोन्ही भाषांत चालतो, तेव्हा भांडणाचे कारण उरू नये.) गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर राखायचे आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारण्याची वेळ येऊ द्यायची नाही. पण तांबडा दिवा लागला तर गाडी बाजूला घ्या. आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे ना ते पाहा, मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी पाहा. ऑइल खालच्या खुणेपेक्षा कमी असेल, पायाखाली पेडल मऊ लागत असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूस ओल दिसत असेल तर घाटाचे नावच काढू नका. तांबडा आणि एबीएस असे दोन्ही मिळून लागले तर तेही वाईट. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्थाही तेव्हा बंद पडलेली असू शकते. अशा गाडीची मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते.

आता हा मदतनीस करतो काय? प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. तो चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी किंवा चुंबकी कड्यावरून चाकाचा वेग मोजतो. जोरात ब्रेक मारल्यावर एखादे चाक जाम होऊ लागले की संगणक त्या चाकाचा ब्रेक सेकंदाला अनेक वेळा सोडतो आणि धरतो. चाक फिरत राहते म्हणून स्टिअरिंग ऐकते. त्या वेळी पायाखाली पेडल थरथरते. पुष्कळ जण या थरथरीला घाबरून पाय उचलतात, आणि नेमके तेच करू नये.

दुसरा दिवा गाडीच्या तोल सांभाळण्याचा, म्हणजे ईएससीचा. काही कंपन्या त्यालाच ईएसपी म्हणतात. स्टिअरिंग एकीकडे आणि गाडी भलतीकडे असे झाले की तो एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी वळणावर आणतो. चालताना हा दिवा क्षणभर लुकलुकला तर ते काम चालू असल्याचे लक्षण, बिघाड नव्हे. कायम लागून राहिला तर आधी डॅशबोर्डावरचे त्याचे बटण चुकून दाबले गेले नाही ना ते पाहावे. घरात लहान मुले असतील तर हे कारण हमखास.

एबीएस 1978 साली बॉश कंपनीने मर्सिडीझ गाडीत आणले, ईएससी 1995 साली. 1997 मध्ये स्वीडनमध्ये एकदम वळण घेण्याच्या चाचणीत मर्सिडीझची छोटी ए-क्लास गाडी उलटली आणि मग कंपनीने त्या सगळ्याच गाड्यांना ही व्यवस्था बसवली. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचे आहे. ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर ईएससी लागते. त्यामुळे श्रीमंतांच्या गाडीतले हे दिवे आता कापसाच्या पैशातून घेतलेल्या छोट्या गाडीतही आले. तालुक्याच्या मिस्त्रीला मात्र ते शिकवायला कोणी आले नाही.

आपल्या वाचकांच्या गाडीत दोन दिवे एकदम का लागले? ईएससीचे सारे काम एबीएसच्या सेन्सरवर चालते. एका चाकाची खबर येईनाशी झाली की दोघेही हात टेकतात. चिखलानंतर हे घडले म्हणजे संशय चाकाच्या सेन्सरवर. आपली काळी माती ओली असताना सेन्सर आणि कडे यांच्यामध्ये चिकटते, वाळल्यावर दगड होते. चाक काढून पाण्याने आणि मऊ ब्रशने ती जागा धुवावी, वायरचा जोड उघडून त्यात पाणी किंवा हिरवा गंज आहे का पाहावे. वायर कुरतडलेली असेल तर चोर चार पायांचा. कापूस किंवा धान्य साठवलेल्या घराशेजारी गाडी उभी राहिली की उंदीर बॉनेटमध्ये मुक्कामाला येतात. कन्नडमध्ये 'इली' म्हणा की मराठीत उंदीर, वायर तो सारखीच खातो.

एवढ्याने दिवा गेला नाही तर स्कॅनर लावावा. बाजारातला स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनापुरताच असतो, म्हणून एबीएस वाचणारा आहे का ते आधी विचारा. इंग्रजी सी या अक्षराने सुरू होणारा कोड दिसेल. सी 0035 आला तर पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरची वाट बिघडली असा अर्थ. कोड दिसला म्हणून लगेच नवा सेन्सर घेऊ नये. कोड वाट दाखवतो, दोषी दाखवत नाही. चांगला कारागीर गाडी हळू चालवून चारही चाकांचे वेग पडद्यावर पाहतो. तीन चाके तीस दाखवत असताना एक शून्य दाखवते, तेच चाक धरायचे. नव्या गाड्यांतले सेन्सर मल्टीमीटरने ओहम मोजून तपासू नयेत. ते तसे मोजण्याजोगे नसतात आणि खराबही होऊ शकतात.

नुकतेच बेअरिंग बदलले असेल तर वेगळी शंका घ्या. हल्ली पुष्कळ बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकी कडे असते. ते उलटे बसवले की चाक छान फिरते, आवाज करीत नाही, पण सेन्सर आंधळा होतो. सगळे भाग नवे घालूनही दिवा जात नाही, अशी तक्रार अशा वेळी येते.

फक्त ईएससीचा दिवा लागून एबीएसचा विझलेला असेल तर चाकांच्या मागे लागू नका. ब्रेक पेडलवरचा स्विच पाहा, मागचे ब्रेक लाइट लागतात का पाहा. व्हील अलाइनमेंट केल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर आपली मधली जागा विसरतो. काही गाड्यांत थोडे अंतर चालवल्यावर तो आपोआप शिकतो, काहींत स्कॅनरनेच शिकवावा लागतो. अशक्त बॅटरी आणि चार चाकांना वेगवेगळ्या मापाचे टायर, हीही नेहमीची कारणे.

ब्रेक ऑइलबद्दल थोडे. ते हवेतले पाणी शोषते. नवे डॉट 4 ऑइल सुमारे 230 अंशांना उकळते, पाणी मुरलेले 155 च्या आसपास. घाटात सतत पाय दाबून उतरणाऱ्याचा ब्रेक खाली जातो तो यामुळे, आणि याचा दिवा कोणत्याच मीटरवर लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. पातळी कमी दिसली म्हणून नुसते वरून ओतू नये, आधी पॅड झिजले का पाहावे. आणि डबीत दुसरे कुठलेही तेल चुकूनसुद्धा घालू नये. आतली रबरे फुगून सगळी ब्रेकव्यवस्था निकामी होते.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चावी फिरवली की हे सगळे दिवे काही सेकंद लागून विझायला हवेत. एबीएसचा दिवा मुळात लागलाच नाही तर खूश होऊ नका, कोणीतरी तो दिवाच काढून टाकला असेल. विकणाऱ्यासमोर तीन वेळा चावी फिरवून पाहा आणि मगच भावाचे बोला.