सुटका मोजली, घरपोच कोण मोजणार?

प्रति,
मा. अध्यक्ष, रेल्वे मंडळ, रेल भवन, नवी दिल्ली

विषय: स्थानकांवर सापडलेल्या मुलांचा अर्धवट हिशेब

स्थानकावर एकटे सापडणारे मूल बहुधा दोन प्रकारचे असते. एकाचा गर्दीत हात सुटलेला असतो, दुसरे घर सोडून निघालेले असते. पहिल्याच्या शोधात कुणीतरी त्याच फलाटावर हंबरडा फोडत असते. दुसऱ्याला शोधणारे असतीलच असे नाही. शिवाय ते नाव एक सांगते, गाव भलतेच.

रेल्वे सुरक्षा दलाच्या 'नन्हे फरिश्ते' मोहिमेची माहिती जुलै 2024 मध्ये जाहीर झाली. 2018 मध्ये 17,112 मुले, 2019 मध्ये 15,932, टाळेबंदीच्या 2020 मध्ये 5,011, पुढे 11,907, 17,756, 11,794 आणि 2024 च्या पहिल्या पाच महिन्यांत 4,607. एकूण 84,119 मुलांची 'सुटका'. त्यातही वर्गवारी आहे: हरवलेली, ताटातूट झालेली, निराधार, पळवून आणलेली. 2018 मधली 13,187 आणि 2024 मधली 3,430 मुले घरातून पळालेली, म्हणजे ढोबळमानाने चारांतली तीन. इतक्या बारकाईच्या हिशेबात एकच रकाना नाही: यांपैकी घरी किती पोचली? सात वर्षांची बेरीज मांडताना तो रकाना सुटला, याला विसरभोळेपणा म्हणणे मंडळाच्या कार्यक्षमतेवर अन्याय करणारे ठरेल.

कायद्याची वाट स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार असे मूल प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. घरची चौकशी करून ते पालकांकडे द्यायचे की बालगृहात ठेवायचे, हे समिती ठरवते. पळालेल्या मुलाबाबत ही चौकशी म्हणजे कागद रंगवणे नव्हे. दारुड्या बापाच्या किंवा कामाला जुंपणाऱ्या मालकाच्या हाती तेच मूल परत दिले, तर पुढच्या महिन्यात ते दुसऱ्या गाडीत सापडते आणि सुटकेच्या आकड्यात आणखी एकाची भर पडते.

प्रत्यक्षात काय होते? बाकाखालून काढलेल्या मुलाला बिस्किटाचा पुडा मिळतो आणि वडिलांचा मोबाइल नंबर विचारला जातो. ते नऊच आकडे सांगते. नोंद होते, मूल जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या ताब्यात जाते, आणि इथे रेल्वेचा हिशेब मिटतो. सुरक्षा दल केंद्राचे, लोहमार्ग पोलीस राज्याचे, समिती जिल्ह्याची. शेवटी मूल कुठे आहे, ही विचारणा या खात्यातून त्या खात्याकडे 'अग्रेषित' होत राहते. परराज्यातल्या मुलाला सोबत लागते आणि मुलगी असेल तर महिला पोलीस. ही माणसे मिळेपर्यंत मूल बालगृहातच. त्याला घरी नेणारी गाडी मात्र मंडळाचीच, आणि ती रोज सुटते.

बालमदत कक्ष सुमारे 135 स्थानकांवर आहेत; देशातली स्थानके सात हजारांच्या वर. मुलाने हरवताना स्थानक पाहून हरवावे, अशी मंडळाची अपेक्षा असावी.

मंडळाला जुने उदाहरण आठवत असेल. 1986 मध्ये खांडव्याचा पाच वर्षांचा सरू भावाबरोबर बुऱ्हाणपूरला आला, उभ्या गाडीत झोपला आणि हावड्याला पोचला. वस्तीचे नाव गणेश तलाई. त्याच्या तोंडून निघाले ते कुणालाच उमगले नाही. 1987 मध्ये तो दत्तक म्हणून टास्मानियाला गेला, आणि उपग्रहाच्या नकाशांवर स्वतःच घर हुडकून 2012 मध्ये आईला भेटला. पंचवीस वर्षे आई खांडव्यातच होती.

तेव्हा बालमदतीचा 1098 हा क्रमांक नव्हता, आधार नव्हते, हरवलेल्या मुलांचे संकेतस्थळ नव्हते. आज हे सारे आहे. शिवाय हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे. साधनांची सबब आता चालणार नाही.

मागणी एवढीच. मंडळाने महिला व बालविकास मंत्रालयाकडून माहिती घेऊन दरवर्षी सुटकेच्या आकड्याशेजारी आणखी चार आकडे छापावेत: किती मुले घरी पोचली, किती दिवसांत, किती अजून बालगृहात आहेत आणि किती पुन्हा गाडीत सापडली. सुरुवात त्या 84,119 पासून करावी.