चेहरा कोणी द्यावा? : सहलेखकाच्या शोधातील चित्र आणि शब्द

दोन किंवा अधिक व्यक्तींनी एकेक पात्र वाटून घ्यावे, एकाने आपल्या पात्राच्या तोंडून चार ओळी लिहाव्यात, दुसऱ्याने आपल्या पात्राकडून त्यांना उत्तर द्यावे आणि अशा आळीपाळीच्या लेखनातून कथा पुढे न्यावी, या प्रकाराला तरुण मंडळी ‘रोलप्ले’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याला ‘भूमिकालेखन’ म्हटले आहे. हे लेखन एकट्याने होत नाही. त्याला जोडीदार लागतो, आणि अपरिचितांतून जोडीदार मिळवायचा तर जाहिरात करावी लागते. ही जाहिरात चित्राने करावी की शब्दांनी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. मराठी विभागाच्या नियतकालिकात त्याची चर्चा कशासाठी, असेही कोणी विचारील. तथापि पात्र म्हणजे काय, ते कोण घडवतो, आणि लिहिणाऱ्या व्यक्तीचा तिने धारण केलेल्या भूमिकेशी संबंध कोणता, हे आपल्या अभ्यासविषयाच्या गाभ्याचे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. माझे प्रतिपादन असे की, सहलेखकाला दिलेले निमंत्रण शब्दांतच असावे. चित्र द्यावयाचेच असेल तर ते स्थळाचे असावे, पात्राच्या चेहऱ्याचे असू नये.

भूमिका घेऊन बोलणे आणि दुसऱ्याच्या बोलण्यातून रचना पुढे नेणे मराठीला नवे नाही. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांतून वासुदेव, जोशी, गोंधळी अशा कितीतरी भूमिका घेतल्या. त्यांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’त तर परस्परांना अडवणारे, डिवचणारे आणि अखेर एकमेकांपर्यंत पोचणारे दोन आवाज आहेत. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा सूत्रधाराची पदे रचलेली होती, परंतु पात्रांची भाषणे बव्हंशी नटांनी आयत्या वेळी करावयाची होती. सिंधुदुर्गातील दशावतारात आजही आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद रंगमंचावरच जुळत जातात. समोरच्या नटाने काय म्हटले, हे नीट ऐकल्याशिवाय तेथे पुढचे वाक्य सुचत नाही. भूमिकालेखनाची जातकुळी हीच आहे.

मात्र एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. दशावतारात किंवा भाव्यांच्या नाटकात नटाचा देह, वेष आणि रंगभूषा प्रेक्षकांसमोर असते. तेथे दृश्य हे प्रयोगाचे अंग आहे. भूमिकालेखनात प्रेक्षक नाही आणि देहही नाही. पात्र उंच की ठेंगणे, गोरे की सावळे, हे कोणीतरी लिहीपर्यंत अस्तित्वातच येत नाही.

हा भेद चित्रपटाच्या प्रारंभीच्या एका घटनेने अधिक स्पष्ट होतो. ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळके यांनी वृत्तपत्रांतून जाहिराती देऊन पात्रे शोधली. स्त्रीभूमिकेसाठी स्त्री मिळेना. अखेर ग्रँट रोडवरील उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना त्यांनी तारामती केले, आणि १९१३ साली प्रेक्षकांनी ती तारामती पाहिली. ते मूकपट होते. पात्राला वाणी नव्हती, जे काही होते ते रूपात आणि हालचालीत होते. अशा कामासाठी जोडीदार शोधणाऱ्याने रूपाची चौकशी करणे स्वाभाविकच. भूमिकालेखनात परिस्थिती नेमकी उलट आहे. येथे रूप नाही, केवळ वाणी आहे. मग ज्याचा कामाशी संबंध नाही ते जाहिरातीत पुढे का करावे?

जाहिरातीची प्रकृती तिच्या हेतूवरून ठरते, याचा प्रत्यय भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शेलारच्या परिसरात, सहज येतो. येथे दोन प्रकारचे फलक दिसतात. एक, वाढदिवसांचे आणि अभिनंदनांचे. त्यांवर चेहरेच चेहरे असतात, मजकूर नावांपुरता. दुसरा प्रकार यंत्रमागाच्या कारखान्यांच्या दारांवरील पाट्यांचा. जॉबर पाहिजे, कांडीवाला पाहिजे, वार्पिंगसाठी माणूस पाहिजे, एवढेच तेथे असते. पहिल्या फलकाला पाहणाऱ्याकडून काही काम नको आहे. त्याने पाहावे आणि लक्षात ठेवावे, एवढेच पुरेसे आहे. दुसऱ्याला माणूस कामाला यावयास हवा आहे, म्हणून तो कामच सांगतो. सहलेखकाचे निमंत्रण या दुसऱ्या जातीचे आहे. ते पहिल्या जातीच्या फलकासारखे सजवले की पाहणारे वाढतात, लिहिणारे मिळतीलच असे नाही.

चित्राच्या बाजूने जे म्हणता येते ते डावलणे योग्य होणार नाही. चित्र क्षणात वातावरण उभे करते. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून सचित्रतेचे आकर्षण मराठी वाचकाला आहे. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी कित्येकांना अंक हातात घ्यावयास लावले असेल. दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. भिवंडीसारख्या गावात शेजारी राहणाऱ्या दोन मुलांपैकी एक देवनागरी वाचतो आणि दुसरा उर्दू लिपी. लिपीचे कुंपण चित्र ओलांडू शकते. तिसरे असे की, ज्याला लिहिण्याचा सराव नाही त्याला दहा ओळींचे निवेदन लिहिणे अवघड जाते. चित्र निवडणे सोपे असते.

या तिन्ही मुद्द्यांना उत्तर आहे. मुखपृष्ठ पाहून अंक घेणारा वाचक असतो, सहलेखक नव्हे. त्याला तयार मजकूर मिळणार असतो. सहलेखकाला तो निर्माण करावयाचा असतो. लिपीचे कुंपण चित्राने पहिल्या भेटीपुरते ओलांडले, तरी दुसऱ्या दिवशी लिहिण्याची वेळ येतेच. तेव्हा कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत लिहावयाचे, हे पहिल्याच निवेदनात स्पष्ट करणे अधिक प्रामाणिक. आवश्यक तर तेच निवेदन दोन्ही लिप्यांत द्यावे. आणि ज्याला दहा ओळी लिहिणे अवघड वाटते, त्याने त्या लिहून पाहणे हाच तर या उद्योगाचा लाभ आहे.

आता चेहऱ्याला माझा आक्षेप का, ते सांगितले पाहिजे. भूमिकालेखनाच्या जाहिरातींत पात्राचा ‘चेहरा’ म्हणून एखाद्या नटाचे वा नटीचे छायाचित्र लावण्याची चाल आहे. त्यामुळे पहिली हानी होते ती कलेची. पात्र लिहिण्यापूर्वीच पूर्ण होते. सहलेखकाने त्या पात्राकडे आपल्या पात्राच्या नजरेने पाहून त्याचे वर्णन करावे, त्याच्या कपाळावरची आठी आधी आपण टिपावी, ही संधीच उरत नाही. दोघांनी मिळून घडवावयाची गोष्ट एकाने बाजारातून तयार आणलेली असते.

दुसरी हानी सामाजिक आहे. उसना चेहरा निवडताना आपण कोणाचा निवडतो? पडद्यावरून आलेला, बहुधा गोरा, तरुण आणि नितळ. यंत्राकडून चित्र करून घेण्याची सोय आता झाली आहे. पण तेथेही आपण मागतो तेच आपल्याला मिळते, आणि मागण्याची आपली सवय पडद्यानेच घडवलेली असते. सायझिंगच्या धुरात उभा असलेला पन्नाशीचा कामगार किंवा भातलावणीत पाय भेगाळलेली आगरी बाई त्या चित्रांत क्वचितच येते. शब्दांत ती एका ओळीत येऊ शकते. शिवाय छायाचित्र कोणाचे तरी असते. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ अन्वये छायाचित्रालाही कलाकृती म्हणून संरक्षण आहे, आणि ज्याचा चेहरा आहे त्याला आपण विचारलेले नसते, ही गोष्ट कायद्यापलीकडेही उरते.

तिसरी हानी व्यक्तीची आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काही जण उसना चेहरा न लावता स्वतःचाच लावतात. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले, तेव्हा मुखपृष्ठावर ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव होते. त्यामागच्या मालतीबाई बेडेकर वाचकांना ठाऊक नव्हत्या. ही बाई कोण, याविषयी त्या काळी मोठे कुतूहल आणि वादळ उठले. त्या आवरणामुळे प्रौढ कुमारिकांच्या मनातील जे लिहावयाचे होते ते लिहिता आले, हे आपण वर्गात शिकवतो. मग आज भूमिकालेखन करू पाहणाऱ्या मुलीने आपले छायाचित्र लावावे, अशी अपेक्षा आपण कशी करणार? तिने लिहिलेल्या पात्राचा राग, तिचे प्रेम, तिची शिवी ही तिच्या स्वतःच्या खात्यावर मांडली जाईल, ही भीती काल्पनिक नाही.

भूमिका आणि व्यक्ती यांतील पडदा फाटला म्हणजे काय होते, हे विजय तेंडुलकरांनी १९६७ साली ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये दाखवून ठेवले आहे. वेळ घालवण्यासाठी अभिरूप न्यायालयाचा खेळ सुरू होतो, बेणारेबाईंना आरोपीची भूमिका दिली जाते, आणि हळूहळू खेळातील आरोपी बाजूला राहून प्रत्यक्ष बाईच पिंजऱ्यात उभी राहते. खेळ खेळणाऱ्यांना ती आधीच माहीत होती, म्हणून हे शक्य झाले. अपरिचितांबरोबर लिहिताना ही ओळख आपण होऊन पुरवण्याचे कारण नाही.

एक व्यावहारिक मुद्दाही आहे. पुष्कळ जण मजकूरच चित्रात कोरून पाठवतात. देवनागरीच्या बाबतीत या सवयीला इतिहास आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी एका संगणकावरचा मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला की अक्षरांचा गोंधळ दिसे. चित्र करून पाठवणे हाच सुरक्षित मार्ग होता. ते कारण आता उरलेले नाही, सवय मात्र उरली आहे. चित्रातील मजकूर शोधून सापडत नाही, उचलून त्याखाली उत्तर लिहिता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली सजावटीच्या अक्षरांपुढे अडखळते. भूमिकालेखन हा दृष्टिहीन विद्यार्थ्याला डोळस विद्यार्थ्याच्या पूर्ण बरोबरीने करता येण्याजोगा साहित्यव्यवहार आहे. त्याच्या दारावरच चित्राची कडी लावणे, हे मला अक्षम्य वाटते.

अर्थात, केवळ शब्द वापरले म्हणजे निवेदन चांगले झाले, असे नाही. शब्दांतील जाहिरातही अटींची यादी होऊन बसते. चांगल्या निवेदनात स्थळकाळ असावा. पात्राचा आवाज ऐकू यावा. दुसऱ्यासाठी जागा मोकळी सोडलेली असावी. आणि अखेरीस लेखनाचा वेग, भाषा व कोणते विषय वर्ज्य, हे साध्या वाक्यांत सांगितलेले असावे. उदाहरणादाखल एक निवेदन असे होऊ शकेल :

“वीज गेली आणि चोवीस माग एकदम थांबले. अकरा वर्षे मी या खोलीत जॉबर आहे. आवाज थांबला की मला जाग येते. दाराशी कोणीतरी उभे आहे. उजेड टाकला तर चेहरा दिसेल. मी अजून टाकलेला नाही. (दाराशी कोण आहे, हे तुम्ही लिहा. मराठी, देवनागरी. आठवड्यात दोनदा. मारहाणीचे वर्णन नको.)”

या काही ओळींत कथेचे गाव, कामाचे स्वरूप, बोलणाऱ्याचे वय आणि स्वभाव सूचित झाला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जो कोणी उत्तर लिहील त्याला एक संपूर्ण माणूस निर्माण करण्याचा अधिकार दिला आहे. यासोबत रिकाम्या मागखोलीचे एखादे चित्र दिले तर बिघडणार नाही. ते नेपथ्याचे काम करील. परंतु दाराशी एखाद्या नटीचे छायाचित्र चिकटवले, तर उत्तर लिहिण्यासारखे फारसे काही शिल्लक राहणार नाही. निमंत्रण हाच लेखनाचा पहिला नमुना असतो. ते वाचून उत्तर देणाऱ्याने आपली भाषा जुळते की नाही, हे तेथेच पारखलेले असते. चित्र ही पारख पुढे ढकलते, आणि मग चार दिवसांनी दोघेही निराश होतात.

अध्यापकांसाठी एक सूचना करावीशी वाटते. दहावीपासून उपयोजित लेखनात आपण जाहिरातलेखन शिकवतो. चौकट, आकर्षक घोषवाक्य, सवलत आणि पत्ता, असा त्याचा ठरीव साचा झाला आहे. तो वस्तू विकण्याचा साचा आहे. सोबतीला माणूस बोलावण्याची जाहिरात त्याहून वेगळी असते, हे पदव्युत्तर वर्गात तरी दाखवता येईल. अर्ध्या वर्गाने चेहऱ्याचे चित्र लावून निवेदन करावे, अर्ध्याने केवळ शब्दांत. उरलेल्या तासात एकमेकांच्या निवेदनांना उत्तरे लिहावीत आणि उत्तरांची भाषा तपासावी. पात्रनिर्मिती, निवेदकाचा आवाज, संहितेतील रिकाम्या जागा या संज्ञांची व्याख्याने आपण वर्षानुवर्षे देत आलो आहोत. त्या संज्ञा विद्यार्थ्याच्या हाताला लागण्याची ही एक सोपी वाट आहे.

मराठीत लिहू इच्छिणाऱ्या दोन अपरिचितांची गाठ पडणे ही आजच्या काळात लहान गोष्ट नाही. ती गाठ एकाच्या रूपावर आणि दुसऱ्याच्या पसंतीवर बांधली जावी, की एकाच्या वाक्यावर आणि दुसऱ्याच्या उत्तरावर, याचा निर्णय निमंत्रण लिहिणाराच करीत असतो. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. स्थळ दाखवावे, आवाज ऐकवावा. चेहरा मात्र येणाऱ्याला लिहू द्यावा.